पंगतीतला शोधनिबंध

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आमच्या संशोधन केंद्रात आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा मी कालवांवर पीएच.डी. करत होते. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की कालवं शिंपा घट्ट मिटून बसतात. त्यातली काही तगतात, काही मरतात. असं का, हा माझा विषय. आमच्या सरांपुढे आम्ही विद्यार्थीही तसेच मिटून बसायचो.

ज्येष्ठ आणि तरुण संशोधकांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावं, असा परिषदेचा हेतू पत्रिकेवर छापला होता. सरांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि पाहुण्यांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही, असं बजावलं. जेवणानंतरचा पहिला निबंध माझा होता. आदल्या दिवशी सर म्हणाले, तुझी फेफे उडेल, मीच वाचतो. मी मान डोलावली आणि प्रयोगशाळेत जाऊन रडले. कारण त्या सत्राचे अध्यक्ष होते एक म्हातारे परदेशी प्राध्यापक, आणि त्यांनी जन्मभर कालवंच पाहिली होती. माझं म्हणणं कळेल असा एकच माणूस जगात होता. तो रत्नागिरीपर्यंत आला, तरी मला बोलायची बंदी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी हौसेने केळीच्या पानांवर पंगत मांडली. ज्येष्ठांच्या समोरच्या ओळीत तरुण बसले. प्राध्यापकांना मांडी घालायला दोघांनी मदत केली. नशिबाने त्यांच्या समोरचं पान माझ्या वाट्याला आलं.

आचारी लांज्याचा, आग्रहात कुणाचं ऐकणारा नव्हता. प्राध्यापकांना पानात टाकणं असभ्य वाटे, म्हणून ते पान स्वच्छ करत. आमच्याकडे रिकामं पान म्हणजे आणखी वाढा. पान संपलं की आलाच मोदक, वर तुपाची धार. पानावर हात आडवा धरायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला शिकवणारी मी कोण?

त्यात आणखी घोळ झाला. पंगतीतलं सर्वांत वडील माणूस उठल्याशिवाय आपल्याकडे कुणी उठत नाही. वडील तेच होते. आणि त्यांची समजूत अशी, की यजमान उठल्याशिवाय पाहुण्याने उठू नये. त्यामुळे सगळे बसून. हात वाळले, सोलकढी संपली. टोकाला सर घड्याळ बघत होते आणि त्यांच्याही पानात मोदक पडत होते.

शेवटी वेळ जाईना म्हणून प्राध्यापकांनी मला विचारलं, तू काय काम करतेस? मी सरांकडे पाहिलं. ते बरेच लांब होते. मी अडखळत इंग्रजीत सुरुवात केली. मग पानावरच बोटाने खाडी काढली, मोदकाचं कालव केलं. आतल्या बाजूची कालवं गोड्या पाण्याला हळूहळू सरावतात, खाडीच्या मुखाकडच्यांना ती सवयच नसते, म्हणून ती आधी मरतात, हे सांगितलं. ते वाद घालू लागले, मीही घातला. माझं वाक्य कुणी पुरं होऊ देतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. मला इतका आनंद झाला की कालव झालेला मोदक मी बोलता बोलता खाऊन टाकला.

मोदक संपले तेव्हा आचाऱ्यानेच हात जोडले आणि प्राध्यापकांना धरून उठवण्यात आलं. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

सभागृहात सर माझा निबंध घेऊन उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, हा मी जेवताना ऐकला आहे, आता फक्त शंका उरल्यात, त्या जिने काम केलं तिलाच विचारतो. सर खाली बसले. उत्तरं देता आली. एक मात्र माहीत नव्हतं, तसं सांगून टाकलं.

संध्याकाळी सर प्रयोगशाळेत आले. मी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले.

"मुखाकडची आधी मरतात, हे मला कधी बोलली नाहीस गो," ते म्हणाले.

"सांगायला घेतलं होतं, सर. तुम्ही दर वेळी मध्येच उठून जाता. त्यांना उठता येत नव्हतं."

 सरांनी स्टूल ओढलं आणि ते माझ्यासमोर बसले.