बोटीआधीची शिंक

गोव्याहून बोटीच्या सहलीला जायचं, तर आधी कोरोनाची तपासणी हवी, असा तेव्हा नियम होता. लेकीनं मला देशपांडे नगरातल्या लॅबमध्ये नेलं. नाकात काडी घालून घेतली आणि निकालाची वाट बघत बाकावर बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. तीही त्याच बोटीची.

तिचा हात सारखा कमरेच्या पिशवीकडे जाई आणि रिकामाच मांडीवर येई.

"अक्का, काय हरवलंय?" मी विचारलं.

"हरवतंय कशाला? तपकिरीची डबी आहे. सकाळपासून उघडली नाही."

समोर उभा असलेला तिचा मुलगा म्हणाला, "अव्वा, हात काढ तिथनं. इथं शिंकलीस तर माणसं पळतील."

"बघा की!" ती मला म्हणाली. "परक्यानं माझ्या नाकात काडी घातलेली चालते. मी चिमूट घातली की गुन्हा!"

मी हसले. ती हसली नाही. "समुद्र बघितला नाही म्हणून मी मरत नाही," ती हळू म्हणाली. "पण माझ्यापायी नातवंडांची सहल बुडायला नको."

निकाल आले. तिला काही नव्हतं, मलाही नव्हतं. "घे आता," मुलगा म्हणाला. आम्ही अंगणात गेलो. तिनं चिमूट ओढली आणि अशी शिंकली की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मग डबी माझ्यापुढं केली. जन्मात पहिल्यांदा मीही ओढली.

नाव विचारायचं राहिलं. बोटीवरच्या गर्दीत ती काही दिसली नाही. एका सकाळी वरच्या मजल्यावरून तीच शिंक ऐकू आली, तेव्हा कळलं, अक्का समुद्र बघतेय.