बंबामागं हंडे

शाळेत आगीचा बंब आणायचा हट्ट माझा. दसरा झाला की माझा पहिलीचा वर्ग निम्मा रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला निघतात आणि पोरंही त्यांच्याबरोबर कारखान्यावर जातात. तिथं राहायचं उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, आणि कोपीच्या तोंडाशीच चूल. एक ठिणगी पुरे. त्या विचारानं मला दरवर्षी धडकी भरायची, म्हणून टोळ्या निघायच्या आत पोरांना आगीचं शिकवायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, चित्र दाखवा की. चित्रातली भाकरी खाऊन कुणाचं पोट भरलंय, असं त्यांना विचारून मी तालुक्याला गेले आणि बंब ठरवून आले.

पावसानं त्या वर्षीही आमच्या शिरूर कासार भागाकडं पाठ फिरवली होती आणि गावात टँकर फिरकला नव्हता, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. लाल गाडी वेशीतून आत शिरली तशा बाया हंडे, कळशा, रंगाचे डबे घेऊन मागं पळत आल्या. मी फाटकात आडवी झाले. हे प्यायचं पाणी नाही म्हणून बजावलं.

"नसू द्या," एक म्हातारी म्हणाली. "म्हशीला कुठं कळतंय?"

बंबावरचा दादा भला माणूस. थोडं देतो म्हणाला. आमच्याकडं पाणी थोडं कुणी घेतं का? मग मैदानात रचलेला पाचटाचा ढीग पेटवला, दादानं पाईप रोखला, पोरांनी श्वास रोखला आणि पाईप नुसता खोकला. शेवटी त्याच बायांनी कुरकुरत आपले हंडे ओतून आग विझवली आणि जाताना मलाच चार शब्द सुनावले.

आता दादाकडं फक्त तोंड उरलं होतं. त्यानं पोरांना सांगितलं, आग दिसली की ओरडायचं आणि बाहेर पळायचं, सोबत काही म्हणजे काही घ्यायचं नाही. तेवढ्यात एक पोरगी उठली. आई शेतात असायची, म्हणून ती धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची.

"आन् ह्याला?"

दादानं माझ्याकडं पाहिलं.

"त्याला घ्यायचं," मी म्हणाले. "बाकी कायबी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. ज्यांच्याकडं भाऊ नव्हता त्यांचं दप्तर म्हणजे धाकटा भाऊ. शिट्टी वाजली की त्याला उचलून बाहेर. पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाचे भाऊ आतच राहिले. एकानं आपला भाऊ फरशीवरून ओढत आणला. एक पठ्ठ्या बाहेर येऊन परत आत पळाला, कारण भावाच्या पोटात डब्यातलं धपाटं होतं. त्याला मी चांगलं झापलं, मग तोंड फिरवून हसले. ती पोरगी मात्र खऱ्या भावाला घेऊन दरवेळी सगळ्यांच्या आधी बाहेर.

दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या, त्यात ती पोरगीही गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळ्या परतल्या. पोरगी वर्गात आली ती रिकाम्या हातानं, कडेवर तेवढा भाऊ. मी सवयीनं डाफरले, दप्तर कुठंय?

"कोपीसंगं जळालं," ती म्हणाली. "तुमीच म्हणलता बाई, ह्यालाच घ्यायचं."

मी हात पुढं केले आणि त्याला माझ्या कडेवर घेतलं. चांगला जड झाला होता.