मध्यंतरातला सत्कार

आमच्या आत्याबाईंनी पडद्यावर जितक्या सुना घराबाहेर काढल्या, तितक्या साऱ्या वऱ्हाडातल्या सासवांनी मिळूनही काढल्या नसतील. या वडिलांच्या लांबच्या चुलतबहीण, पण गावानंच त्यांना आत्याबाई करून टाकलं होतं. आयुष्यभर सिनेमात खाष्ट सासू वठवून त्या उतारवयात गावी परतल्या आणि पंचायत समितीवर निवडून आल्या. विरोधात उभा राहिलेला गृहस्थ म्हणे त्यांनी नुसती भुवई उचलल्याबरोबर अर्ज मागं घेऊन थेट अंथरुणात शिरला.

हळू बोलणं त्यांच्या गळ्याला ठाऊकच नव्हतं. जेवताना "मीठ" म्हणाल्या तरी शेजारघरची सून माहेरचं गाठोडं बांधायला घेई. सभेला आल्या की दारातच थांबत. साऱ्या माना वळल्याशिवाय पाऊल आत पडत नसे. बसायच्या ते डाव्या गालावर उजेड पडेल अशाच जागी. एकदा विहिरीची पाहणी करायला आलेल्या ओव्हरसियरला त्यांनी उन्हाच्या हिशेबानं विहिरीभोवती इतकं फिरवलं, की तो बिचारा चक्कर येऊन खाली बसला आणि बसल्या जागी त्यानं विहीर मंजूर केली. आणि पाठ? माणसांना पाठ दाखवायची नाही, हा त्यांचा धर्मच. निरोप घेताना उलट्या पावलांनी चालत एस.टी.त चढायच्या. धाड गावच्या गाडीचा कंडक्टर त्यांना पायरी दाखवायला आधीच खाली उतरून उभा राही.

या सगळ्या थाटामागं त्यांचा एकच ध्यास होता, गावात बाळंतपणाचा दवाखाना. तोवर अडलेली बाई बैलगाडीत घालून न्यावी लागे, आणि कितीकदा गाडी रिकामी असती तर बरं, असं तिचं प्रेत घेऊन परते. दवाखाना मंजूर झाला होता, पण गावानं जागा दिली तर. नाहीतर तो दुसऱ्या गावाला जाणार होता. जागा होती कासाबाईंची. मोठी शेतकरीण, एकटी, शब्दाची पक्की. आत्याबाईंच्या सत्कारात नारळ हाती घेऊन चारचौघांत जागा बोलून दाखवायची, असं तिनं कबूल केलं होतं. नारळ हाती घेऊन दिलेला शब्द आमच्याकडं सरकारी शिक्क्याहून भारी.

गर्दी जमावी म्हणून सत्कार समितीनं तंबूचा सिनेमा आणला, आणि तोही आत्याबाईंचाच. सत्कार ठेवला मध्यंतरात, कारण उरलेला खेळ टाकून तेव्हा तंबूतून कोणी घरी जात नाही. सिनेमा आधी कोणी पाहिला होता? दिवेलागणीला खेळ सुरू झाला. आत्याबाईंनी पडद्यावर दिवस भरलेल्या सुनेला भर पावसात उंबऱ्याबाहेर ढकललं, दाराला कडी घातली, आणि नेमकं तिथंच मध्यंतर झालं.

पेट्रोमॅक्स लागले. तंबूतल्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या आणि त्याच डोळ्यांनी स्टेजकडं बघत होत्या. आत्याबाई शाल पांघरून उजेड शोधत उभ्या होत्या. कासाबाई नारळ घेऊन वर आली आणि तिनं तो पाठीमागं लपवला.

"हिले देऊ नारळ? पोटुशा पोरीले पावसात काढलं हिनं. मी नाही देत जागा-बिगा."

सत्काराला आलेल्या बी.डी.ओ. साहेबांनी समजावलं, की बाई, हा सिनेमा आहे.

"सिनेमा हाय थे मलेबी समजते," कासाबाई म्हणाली. "पण काढलं तं हिनंच ना?"

समितीचे चेहरे असे उतरले, की ते शोधायला खाली सतरंजी उचलावी लागली असती. दवाखाना आमच्या डोळ्यांदेखत शेजारच्या गावाची वाट चालू लागला होता.

आत्याबाईंनी शाल खुर्चीवर ठेवली, चालत कोऱ्या पडद्यापाशी गेल्या आणि साऱ्या गावाकडं पाठ करून खाली बसल्या. मग पडद्यावर हात ठेवून, आम्ही कधीच न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या,

"चाल पोरी, घरी चाल. चुकलं माहं. तुह्या बाळंतपणाची सोय आता माह्याकडे."

तो अभिनय होता की काय, मला विचारू नका. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. गालावर उजेड कुठला पडलाय, हे त्या एवढ्या एकाच वेळी विसरल्या होत्या.

कासाबाई पडद्यापाशी गेली आणि नारळ त्यांच्या ओटीत घातला. "गोठ्यामागची जागा घे. पण तिले ओल्यात नको निजवू."

समितीनं कोंडलेला श्वास असा सोडला, की दोन पेट्रोमॅक्स विझले. बायांनी आत्याबाईंची ओटी भरली आणि लेकरं कडेवर घेऊन त्या खुशाल घरी गेल्या. उरलेला सिनेमा बघायला कोणी थांबलंच नाही. सासूनं माफी मागितली, सून घरी आली, आता बघायचं काय? सिनेमात पुढं ती सासू माफी न मागता साप चावून मरते, हे गावाला कळलंच नाही.

दवाखाना झाला. एखादी अडली की आत्याबाई व्हरांड्यात बसून राहत, उजेड असो नसो. आता त्याही नाहीत.

त्या गेल्यावर तोच सिनेमा शेगावला लागला. दर्शनाला गेलेल्या आमच्या बाया तंबूत शिरल्या, मीही सोबत होतो. सुनेला बाहेर काढलं तशी सगळीकडं रडारड सुरू झाली. एकटी कासाबाई शेजारच्या अनोळखी बाईच्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नको माय. मंग मांगते थे माफी. आमच्या गावात मांगली."

नंतर पडद्यावर साप निघाला. कासाबाई खेळ संपायच्या आत उठून आली आणि मला म्हणाली, तंबूवाल्यानं शेवट बदलून टाकला. मी हो म्हणालो.