हुंकार देणाऱ्या काकू

शिकागोच्या सरकारी मानसोपचार केंद्रातल्या समुपदेशक काकू सल्ला देत नाहीत. गोष्ट ऐकताना द्यावा तसा ‘हं… मग?’ असा हुंकार देतात, आणि कुणीही मोकळं होतं. शिक्षणासाठी काढलेलं त्यांचं कर्ज तुटपुंज्या पगारात फिटेना. ते सरकारनंच फेडावं, नाहीतर गरिबांचं ऐकायला उरणार कोण? त्यांच्यापुढंच कधीकाळी मोकळा झालेला मी पत्रकं वाटत हेच ओरडत होतो.

एकदा आमदार या मागणीला ठणकावून नकार द्यायला केंद्रात आले. मी उसळलो.

“बस रे, बोलू दे त्यांना,” काकू म्हणाल्या.

खर्चाच्या आकड्यांपासून निघालेले साहेब हुंकारागणिक स्वतःच्या घटस्फोटापर्यंत पोचले. डोळे पुसत म्हणाले, “पुढच्या मंगळवारी येऊ?”

“या की! पण कर्जापायी मी खासगी नोकरी धरतेय. इथं कुणी नसेल.”

साहेबांनी माझ्याकडं पत्रक मागितलं.