तिसगावच्या आत्यासाठी एक पुस्तक

मागच्या आठवड्यात या ब्लॉगवर एका मुलीने विचारलं, "काका, तुमचं आयुष्य वाचनालयात गेलं. तृतीयपंथी आणि इंटरसेक्स माणसांच्या आयुष्यावरची चांगली पुस्तकं सुचवा ना." पुस्तक सुचवा म्हटलं की माझ्या अंगात येतं, म्हणून मी लगेच खुर्चीत सावरून बसलो. मग आठवलं की याच विषयावरचं पुस्तक शोधायला मी एकदा नगर जिल्ह्यात वणवण केली होती. ती कशी झाली हे वाचल्याशिवाय माझ्या शिफारशीवर कुणी भरवसा ठेवू नये.

साल एकाहत्तर असावं. नगरच्या एका वाचनालयात मी मदतनीस होतो. म्हणजे पुस्तकं झटकायची, फाटलेल्यांना खळ लावायची आणि सभासदांशी मात्र ग्रंथपालाच्या थाटात बोलायचं. "मागाल ते पुस्तक काढून देतो" हे माझं पेटंट वाक्य. दसऱ्याच्या बाजाराला तिसगावची आत्या नगरला आली आणि थेट वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसली. माझी ही फुशारकी तिने घरच्या लग्नकार्यांत पुष्कळदा ऐकली होती.

आत्याची सुमन तेव्हा सतरा वर्षांची. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली. पण गेल्या दोन वर्षांत तिचा आवाज फुटला होता, ओठावर मिसरूड आली होती आणि पाळीचा पत्ता नव्हता. भावकीत कुजबुज सुरू झाली. आत्याच्या थोरल्या दिरांनी निकाल देऊन टाकला की हे देवीचं लक्षण, पोरीला लांबच्या एका ठाण्यावर नेऊन देवीला सोडावी. दिवाळीपर्यंत आत्याने हो-नाही सांगायचं होतं. आत्याचे मालक वर्षापूर्वीच वारलेले, त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारं घरात कुणी नव्हतं.

"तुज्या कपाटात जगातलं समदं हाय म्हनतोस," आत्या म्हणाली. "मग आसं आनखी कुनाच्या घरी झालंय का, तेवढं काड. भावजींना छापलेलं पटतंय. न्हाईतर माजी सुमन जाती."

आमच्या कपाटात तसलं काही नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही आमची जुनी खोड. दिवाळीच्या आत घेऊन येतो, असं मी सांगून बसलो.

पहिला मुक्काम घरचाच. सावेडीत तेव्हा चार बंगले आणि बाकी शेतं. त्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो आणि मालक डॉक्टर होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातलं एक प्रकरण दाखवलं आणि "एक डाग पडता कामा नये" असं बजावून माझ्या हातात ठेवलं. मी ते टॉवेलात गुंडाळलं. मॅट्रिक दुसऱ्या झटक्यात झालेल्या माणसाने इंग्रजी वैद्यकाचा ग्रंथ काखोटीला मारून हिंडणं, यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

मराठी काही मिळावं म्हणून मग बाजारात जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे गेलो. विषय नाजूक, म्हणून आवाज खाली आणून विचारलं. खालच्या आवाजात मागणाऱ्यांची त्याला सवय असावी. त्याने गोणपाटाखालून एक पुस्तक काढलं आणि कागदात बांधून दिलं. मी ते सोनईच्या एसटीत उत्सुकतेने उघडलं. त्यात नवविवाहितांसाठी सचित्र सल्ले होते. शेजारच्या बाईंनी चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. घोडेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेरचे बैल मोजत असल्याचं सोंग केलं.

सोनईत एक निवृत्त गुरुजी राहायचे. घरात माणसं दोन आणि पुस्तकांची कपाटं तीन. सोनईला जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी उन्हाने डोकं फिरतं. आणि गुरुजींसारखं कुणी भेटलं तर आधी जेवून घ्या, कारण ते बोलायला लागले की ताट मागायला फट मिळत नाही. गुरुजींनी पुराणांतल्या कथा एकामागून एक काढल्या. सूड घ्यायला बाईचा पुरुष झालेली, शापाने राजवाड्यात नाच शिकवायची वेळ आलेला, भलत्या वनात पाऊल पडून बाई झालेला राजा. मी माना डोलावत होतो. शेवटी धीर करून विचारलं, "गुरुजी, शाप नाही, वर नाही, नुसतंच असं जन्मलेलं कुणी?"

गुरुजी कपाटाकडे वळले. "नुसत्या जन्मलेल्या माणसाची कथा कोण लिहितो रे?" म्हणाले, आणि पुराणकथांचा एक संग्रह माझ्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी नगरला परतून तिसगावची गाडी धरली. करंजीच्या घाटात इंजिन तापलं. ड्रायव्हरने पाणी घालेपर्यंत सगळे खाली उतरलो. घाटातून खालचा मुलूख छान दिसतो म्हणतात, माझं लक्ष पिशवीत होतं. तीन पुस्तकं होती. एक इंग्रजी, एक शापाचं आणि एक तर दाखवण्याच्याही लायकीचं नाही. तरीही माझी खात्री होती की तिसगावात आपण भाव खाऊन जाणार.

आत्याने हुलग्याची शेंगोळी केली होती. शेंगोळी खायची तर याच भागात, शहरात नुसती नक्कल मिळते. जेवणं झाली. दीर बाजेवर येऊन बसले. सुमन दाराशी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. तिला धीर द्यावा म्हणून मी आधी मराठी पुस्तक काढलं आणि खड्या आवाजात एक कथा वाचली. अर्ध्यावर शाप आला. दीर ताठ बसले. "बगा," ते आत्याला म्हणाले, "पोथीतबी शापच हाय." मी त्यांचीच बाजू भक्कम करून दिली होती. सुमनने माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

घाईघाईने इंग्रजी ग्रंथ उघडला. अडखळत, अर्धं समजून, अर्धं अंदाजाने सांगत गेलो. काही मुलं जन्मताना मुलींसारखी दिसतात, वयात येताना अंग वेगळ्या वळणाने जातं. हे कुणाच्या करणीने होत नाही. अशी माणसं धडधाकट जगतात. दीर म्हणाले, साहेबाच्या मुलखातलं इथं कशाला चालतंय. आणि मी पान उलटलं तर समोर चार फोटो. चार मोठी माणसं, खांद्यापर्यंतची. प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी.

मी पान झाकायला गेलो, तर सुमनने पुढे येऊन त्यावर हात ठेवला. "पट्टी कशापायी?"

ओळख पटू नये म्हणून, मी म्हणालो.

"चोरी केल्ती का यांनी?"

तेवढ्यात आत्याने पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि मांडीवर उघडं ठेवलं. तिला अक्षर येत नव्हतं. ती एकेक फोटो बघत होती. "यांच्या आया कुठं हायत?" तिने विचारलं.

मी पुढची पानं चाळली, मागची चाळली. उंची होती, वजन होतं, आवाजाची पट्टी होती, दाढी कधी फुटली तेही होतं. आईचा उल्लेख कुठे नव्हता. तसं सांगितलं.

"मंग सोडलं आसंल यांना," आत्या म्हणाली. "मी न्हाई सोडायची. भावजी, सुमन माज्यासंगं उसाच्या फडावर येती."

इथे वाचकांना एक सांगायला हवं. आमच्या पूर्वेच्या भागातली माणसं दिवाळीनंतर कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गडी तोडतो, बाई मोळ्या बांधते. आत्या विधवा झाल्यापासून अर्धा कोयता होती आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम विचारत नव्हता. दीर नेमकं तेच म्हणाले. दोन बायांचा कोयता कोण घेईल?

सुमनने डोक्यावरचा पदर मागे टाकला. "ऊस मी तोडीन," म्हणाली. "मोळ्या आई बांधंल." त्या फुटलेल्या आवाजात, सगळ्यांसमोर, एवढं मोठ्याने ती दोन वर्षांत पहिल्यांदाच बोलत होती, हे मला आत्याने नंतर सांगितलं. दीर पुष्कळ बोलले, भावकी तोडायची धमकी देऊन उठून गेले. आत्याने त्यांच्या पाठीमागे फक्त दार लोटून घेतलं. मला रडू आलं. शेंगोळी तिखट होती असं मी सांगितलं, ते कुणालाही पटलं नाही.

सकाळी मुकादम आला. त्याने सुमनचे दंड बघितले आणि नाव विचारलं. "सुमन. गडी म्हनून लावा," असं उत्तर सुमननेच दिलं. म्हणून इथून पुढे मीही 'तो' म्हणतो. मुकादमाला ऊस पडण्याशी मतलब, त्याने मान हलवली. पुढे कितीतरी वर्षं आत्या आणि सुमन एक कोयता होते. भावकी दोन वर्षांनी बोलायला लागली, दीर शेवटपर्यंत नाही.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता मराठीतही अशा माणसांनी स्वतः लिहिलेली आत्मकथनं मिळतात, आधी ती वाच. दुसऱ्यांनी लिहिलेली उघडताना एवढंच बघ, की त्यात माणूस जेवतो का, कामाला जातो का, त्याच्यावर कुणाचा जीव आहे का. तसं नसेल तर पुस्तक कितीही जाड असो, परत ठेव. हे शहाणपण माझं नाही, मी फक्त हमाली केली.

सावेडीत परतल्यावर ग्रंथ देण्याआधी डाग पडलाय का बघावा म्हणून मी पानं तपासली. शेंगोळीचा थेंब कुठे नव्हता. फोटोंच्या पानावर मात्र थांबलो. मी सकाळी आंघोळीला गेलो असताना आत्याने ते उघडलं असणार. चारही माणसांच्या गालावर, काळ्या पट्टीखाली, काजळाची बारीक तीट लावलेली होती.

डॉक्टरांनी पान बघितलं आणि शाई सांडली का म्हणून फैलावर घेतलं. ओल्या कापसाने पुसून आण म्हणाले. मी म्हणालो, पुसून बघितलं, निघत नाही.