चढावर दम सोडणारी गाडी

गाडी सुरू करण्याआधी काका बॉनेटवर तळहात ठेवून म्हणायचे, "बाई, आज इज्जत राख." मग चावी फिरवायचे. इंजिन लागलं की सगळी गाडी थरथरायची आणि बाजूचा आरसा असा हलायचा की त्यात मागचा एकेक रिक्षावाला दोन-दोन दिसायचा.

उल्हासनगरातल्या एका सोफा कारखान्यात मी डिलिव्हरी सांभाळते. कुठला सोफा कुठल्या इमारतीत, एवढंच माझं राज्य. गाडीवाले काका बदलापूरजवळच्या बेलवलीचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांची जुनी डिझेल पिकअप आमच्याकडे भाड्याने लागली होती. असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. शर्ट विटका पण इस्त्रीचा, बोलणं मोजकं, आणि आपल्या गाडीला कुणी नावं ठेवली की लगेच चेहरा उतरणार. बायकोचा विषय त्यांच्या बोलण्यात क्वचित यायचा. 'बाई' म्हणजे गाडीच.

पावसाळा संपला आणि बाईने दगा द्यायला सुरुवात केली. उभ्याउभ्या धडधडायची, आणि माल भरलेला असला की पुलाच्या चढावर दमच सोडायची. पाय तळापर्यंत दाबला तरी रांगत जायची, मग बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. थोडा वेळ गेला की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू! याने तर डोकं फिरायचं.

उल्हासनगरात मेकॅनिकांना तोटा नाही, सल्ल्यांना तर मुळीच नाही. एकाने डिझेल फिल्टर बदलला, दुसऱ्याने नोझल साफ केले, तिसऱ्याने इंजिनाचा पंप खोलून परत बसवला. बेलवलीत पुराचं पाणी गाडीत शिरलं होतं, तेच आतून खातंय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. दरवेळी दुरुस्तीनंतर ते अंबरनाथ पूर्वेच्या पेट्रोल पंपावर डिझेल भरायचे, पहिली फेरी झकास व्हायची आणि मला फोन यायचा, "ताई, सापडला आजार!" दुसऱ्या फेरीला पुन्हा पुलावर. शेवटी त्यांनी सिद्धांत काढला की तिला त्या एकाच पंपाचं डिझेल मानवतं. मी हसले तर म्हणाले, "हसा. आमच्या म्हशीला पन एकाच विहिरीचं पानी लागायचं."

शेवटचा मेकॅनिक सिंधी होता. त्याने हात पुसत सांगून टाकलं, "साईं, बुढ्ढी हो गई. छोड दो."

"बुढी झाली म्हनून टाकायची काय?" काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडचा चहाही घेतला नाही.

आमचे शेठ वाईट नाहीत, पण दिवाळी तोंडावर आलेली. ते मला म्हणाले, "मॅडम, उसका दिल अच्छा है, पर सोफा दिल पे नहीं जाता. एक बार और रुका तो दुसरा टेम्पो लगाओ." हे काकांना सांगण्याचं काम अर्थात माझ्याच गळ्यात. पुढच्या फेरीला मी स्वतः त्यांच्या शेजारी बसले. बदलापूरच्या पुलावर बाई थांबली. त्यांनी खाली उतरून चाकामागे दगड लावला आणि तिथेच रस्त्याकडेला बसले.

"ताई, हिच्याशिवाय मला काय येतं? घरी तोंड कसं दाखवू?"

एवढा मोठा माणूस हुंदके देत होता आणि बाजूने जाणारे लोक शिव्या देत होते. मीही दोघा-तिघांना परत दिल्या. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी दारात नवा टेम्पो लागला. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून रोज यायचे आणि संध्याकाळपर्यंत गेटपाशी बसून राहायचे. काम गेलं हे घरी सांगितलंच नव्हतं. ते बघवत नसे. एके दिवशी दुपारी म्हणाले, "ताई, भंगारवाल्याशी बोलनं झालंय. तुम्ही चला सोबत. एकट्याला नाय जमायचं."

भंगाराच्या आवारात सह्या झाल्या, कागद त्याच्या हातात गेले. मग काका म्हणाले, टाकीतलं डिझेल तेवढं काढून घेतो. टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यावर सायकलची ट्यूब करकचून आवळलेली. पुरात टाकीत पाणी गेलं तेव्हापासूनचा हा बंदोबस्त. पंपावरच्या पोरांनाही हात लावू देत नसत. डिझेल भरताना स्वतःच हळूहळू वेढे सोडायचे, पुन्हा बांधायचे. त्या दिवशी गाठ सुटेना, म्हणून त्यांनी ब्लेड मारलं आणि झाकण फिरवलं.

सूऽऽऽ करून हवा आत घुसली. आत ओढला गेलेला टाकीचा पत्रा टणकन बाहेर आला.

मग केबिनमध्ये जाऊन त्यांनी चावी फिरवली. इंजिन शांत, एका लयीत चालू लागलं. आरसा हलत नव्हता. पिशवीमुळे झाकणातून टाकीत हवाच जात नव्हती, मग डिझेल इंजिनाकडे येणार कसं? पंपावर झाकण उघडलं की हवा भरायची, पहिली फेरी झकास व्हायची.

"व्यवहार मोडा," मी भंगारवाल्याला म्हटलं.

"मॅडम, साइन हो गया. चलती गाडी हाथ आई, कौन छोडेगा?"

मी त्याच्याशी कडाकडा भांडले. काकांनीच मला थांबवलं. "राहू द्या, ताई." मग त्याच्याकडे वळून विचारलं, "आता तोडनार नाय ना हिला?"

"चलती को कौन तोडता है?"

"मग झालं."

बाहेर रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "काळजीनं बांधलं होतं हो. काळजीनंच गळा दाबला मी तिचा."

ते पुन्हा उल्हासनगरात आले नाहीत. मी बेलवलीत जाऊन आले, तर घराला कुलूप. बायकोच्या माहेरी कोकणात गेले, असं शेजारीण म्हणाली. गाडी मात्र आता प्लायवूड भरून आमच्या दारावरून जाते.

मध्यंतरी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, दिसते काय ती?"

"दिसते काका."

"चढावर थांबते काय?"

"नाही. भरलेली असली तरी सरळ चढते."

"बरं झालं," ते म्हणाले. मग नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.