सलीमभाईंचा पेनड्राइव्ह

भूत-प्रेत वगैरे माझ्या डोक्यात कधीच शिरलं नाही. मी कॉम्प्युटर शिकवते; बिघाड म्हटला की त्याला कारण असतंच, हे मुलांना सांगत आले. तरी हे लिहितेय... कारण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही.

आमची शाळा दुसरबीडजवळच्या एका गावात. एकदा मुलींच्या मोबाइल नंबरांची यादी शाळेच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी गावभर फिरवली. तेव्हा आमचे लिपिक सलीमभाई यांनी मागे लागून बटणांचा पेनड्राइव्ह घ्यायला लावला. आधार, पत्ते, आजारपणं — सगळं त्यातच. पिन दाबला, हिरवा दिवा लागला, तरच उघडतो. दहा वेळा चुकलं तर आतलं सगळं पुसलं जातं.

मे महिन्यात सलीमभाई हार्ट अटॅकने गेले. जागा रिकामीच राहिली आणि पेनड्राइव्ह माझ्याकडे आला. रोज वापरायचे, एकदाही अडला नाही.

ऑगस्टमधली दुपार. एक माणूस आला, स्वच्छ कपडे, नम्र. आठवीतल्या आरतीचा बाप. त्या मायलेकी जूनमध्येच नांदुऱ्याहून इकडे आल्या होत्या.

"माही पोरगी हाय मॅडम. दाखल्याचे कागद द्यायचे हायेत. पत्ता तेवढा द्या."

बापच तर आहे, मला काही वावगं वाटलं नाही. पिन दाबला — लाल. पुन्हा दाबला — लाल. एकेक आकडा बघून दाबत होते.

"काऊन लाल होऊन राह्यलं हो मॅडम?" आमच्या शिपाई गोदाबाईंनी विचारलं.

सहा वेळा लाल. सातव्यांदा हात धजेना... साडेतीनशे मुलांची माहिती होती आत. त्याला म्हटलं, उद्या या. तो हसून गेला, पण फाटक मात्र जोरात आपटलं.

पाच मिनिटांनी राहवलं नाही. तोच पिन दाबला. हिरवा!

आरतीची नोंद उघडली. ती जूनमध्ये मीच भरली होती. शेरा रिकामा सोडला होता, हे मला पक्कं आठवतं. आता तिथे होतं: "वडिलांस पत्ता देऊ नये. आईची विनंती." 'वडिलांस' असं आमच्या शाळेत एकटे सलीमभाई लिहायचे.

तिच्या आईला लगेच बोलावून घेतलं. तो आला होता म्हटल्यावर तिने आधी दार लावून घेतलं. मग मनगट पुढे केलं. भाजल्याचा जुना, लांब डाग होता.

"पत्ता तं नाही ना देला?"

"नाही. पण ताई, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं?"

"अॅडमिशनच्या दिवशी, तुमच्या हापिसातल्या चाचाले. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मले म्हणे, बेफिकीर जा बेटा."

गोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा दोरीला बांधणारा माणूस शाळेत एकच होता. आणि अॅडमिशनच्या वेळी त्याला जाऊन महिना उलटला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा हेडसरांनी पोलीस पाटलांना बसवून ठेवलं होतं. परत फिरकला नाही. आरती आता नववीत आहे.

पेनड्राइव्ह विकणारा दुकानदार म्हणाला, त्याची बॅटरी कमी असेल. असेल. शेरा मीच लिहून विसरले असेन, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पण आरतीच्या आईला सलीमभाईंचा फोटो दाखवायची हिंमत अजून मला झालेली नाही.